चित्रपुस्तकाची संहिता : ‘पीटर रॅबिट’च्या आवृत्त्या

संहिता म्हणजे शब्दरचना, असे आपण सहसा गृहीत धरतो. चित्रपुस्तकात मात्र कथनाचा काही भाग शब्द सांगतात, तर काही भाग चित्रे. त्यामुळे एखादे चित्र गळले, तर शब्द तसेच राहूनही संहिता बदलते. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांचे ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’ हे इंग्रजी पुस्तक याचे बोलके उदाहरण आहे.

या कथेचे मूळ रूप पत्राचे होते. ४ सप्टेंबर १८९३ रोजी पॉटर यांनी आपल्या पूर्वीच्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला, नोएल मूर याला, सचित्र पत्रातून ती सांगितली. पुढे प्रकाशकांनी नकार दिल्यावर त्यांनी डिसेंबर १९०१ मध्ये स्वखर्चाने २५० प्रती छापून घेतल्या. मुखचित्र वगळता त्यांतील चित्रे एकरंगी होती. ऑक्टोबर १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने रंगीत चित्रांची आवृत्ती काढली. तिच्यात चित्रांची संख्या कमी करण्यात आली.

१९०३ मध्ये पुठ्ठ्याच्या आतील पाने रंगीत सजवण्यासाठी जागा हवी होती, म्हणून आणखी चार चित्रे वगळण्यात आली. त्यांपैकी एक विशेष महत्त्वाचे आहे. मॅकग्रेगर यांच्या बागेत जाऊ नका, असे बजावताना सशांची आई मुलांना त्यांच्या वडिलांचा शेवट सांगते : मॅकग्रेगरबाईंनी त्यांना पायमध्ये, म्हणजे मांस भरून भाजलेल्या पदार्थात, घातले. हे वाक्य कायम राहिले. पाय वाढणाऱ्या बाईंचे चित्र मात्र गेले. चित्र असताना तो मृत्यू वाचकाला ताटात दिसतो; चित्र नसताना तो केवळ आईच्या शांत बोलण्यात उरतो आणि त्याची भीषणता वाचकाला स्वतः कल्पावी लागते. २००२ च्या आवृत्तीत ही चित्रे पुन्हा घेण्यात आली.

यावरून पुनर्मुद्रण आणि आवृत्ती यांतील भेद ध्यानी घ्यावा. पुनर्मुद्रणात मजकूर व चित्रे तीच राहतात. त्यांत बदल झाल्यास ती नवी आवृत्ती ठरते. ‘लेखिकेने मृत्यू दृष्टीआड ठेवला’ असे विधान १९०३ नंतरची प्रत वाचून कोणी केले, तर पृष्ठांच्या गरजेतून झालेला बदल लेखिकेच्या शैलीच्या नावावर जमा होईल. म्हणून अर्थनिर्णयापूर्वी आवृत्तीनिश्चिती आवश्यक असते.

स्वयंअध्ययन : एखाद्या मराठी चित्रपुस्तकाच्या दोन आवृत्त्या मिळवा. चित्रांची संख्या, क्रम व रंग यांतील फरक नोंदवून त्यामुळे अर्थ कसा बदलतो, ते लिहा.