ज्वलनशील द्रवांची पारख : फ्लॅश पॉइंट आणि कोरेगावची हवा

द्रव स्वतः पेटत नाही. पेटते ती त्याच्या पृष्ठभागावर साचलेली वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळल्यावरच. इथेनॉलसाठी हे किमान प्रमाण आकारमानाने सुमारे ३.३ टक्के असून बंद भांड्यात ते साधारण १३ अंश सेल्सिअसला गाठले जाते. ज्योत दाखवताच वाफ क्षणभर भडकून विझते, अशा सर्वांत कमी तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात, जिथे साखर कारखान्यांना जोडून डिस्टिलऱ्या उभ्या आहेत, तिथे हिवाळ्यातील काही पहाटा वगळल्या, तर सांडलेल्या निर्जल इथेनॉलवर पेटण्याजोगी वाफ वर्षभर असतेच. पाणी मिसळले की धोका टळला, हा समजही फारसा खरा नाही, कारण चाळीस टक्क्यांचे मिश्रणसुद्धा २६ अंशांच्या आसपास भडकते.

चाचणीसाठी वापरले जाणारे एबेल उपकरण दिसायला साधे आहे. पाण्याच्या वेष्टनात बसवलेल्या पितळी पेल्यात खुणेपर्यंत नमुना भरतात, झाकण लावतात आणि अपेक्षित तापमानाच्या बरेच खालून, संथ गतीने तो तापवत नेतात. ठरावीक अंतराने झाकणातील झडप सरकवून मण्याएवढी ज्योत आत डोकावू देतात. ज्योतीभोवती निळसर वलय दिसू लागले म्हणजे फ्लॅश आला, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात झळक सबंध पृष्ठभागावर पसरली तरच ती नोंदवायची असते. एकदा तापवलेला नमुना पुन्हा वापरत नाहीत आणि बाटली थंड करूनच उघडतात, कारण हलकी वाफ आधीच उडून गेली की आकडा खोटाच वर चढतो.

झाकणाचे महत्त्व इंग्लंडच्या कायद्याने फार पूर्वी ओळखले. उघड्या पेल्यातून वाफ निसटत असल्याने तिथे १०० अंश फॅरनहाइटची मर्यादा होती. १८७९ मध्ये फ्रेडरिक एबेल यांचा बंद पेला स्वीकारला गेला, तेव्हा ती ७३ अंशांवर आली. भारताच्या १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात सर्वांत धोकादायक ‘अ’ वर्गाची २३ सेल्सिअस ही सीमा जवळपास तेवढीच आहे. म्हणजे पद्धत न सांगता दिलेला फ्लॅश पॉइंट अर्धवटच होय.

यात हवेचा दाबही आला. याच ऊसपट्ट्यातील कोरेगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंच असल्याने तेथील दाब १०१.३ ऐवजी सुमारे ९४ किलोपास्कल भरतो. दाब कमी, म्हणून हवाही विरळ. तेवढ्याच टक्केवारीला थोडी वाफ पुरते आणि झळक लवकर येते. दर किलोपास्कलमागे पाव अंश या नियमाने येथील वाचनात जवळपास दोन अंश मिळवावे लागतात. इथेनॉल सीमेपासून दूर असल्याने त्याला याने फरक पडत नाही. परंतु एखाद्या पेट्रोलियम सॉल्व्हंटचे वाचन २२ आले, तर दुरुस्तीनंतर तो २४ च्या घरात जाऊन ‘ब’ वर्गात बसतो. वर्गवारीसाठी दुरुस्त आकडाच योग्य, कारण त्याशिवाय मुंबई आणि कोरेगाव येथील अहवालांची तुलना होणार नाही. मात्र साठवणीच्या नियोजनात मूळ वाचन विसरणे धोक्याचे, कारण कोरेगावच्या टाकीशेजारी तो द्रव २२ अंशांनाच भडकणार आहे.