तिकिटावरचे तास आणि खरा प्रवास

मैत्रिणींनो, आपल्या वारणा खोऱ्यातल्या कितीतरी मुलीमुलं शिकून परदेशी गेली. मग लेकीचं नाहीतर सुनेचं बाळंतपण आलं, की आईला बोलावणं येतं. आणि ती माउली बऱ्याचदा एकटीच निघते!

आमच्या ओळखीच्या एका मावशींचं तिकीट आलं. मुंबईहून रात्री २ वाजता सुटून न्यूयॉर्कला सकाळी ८.३० ला पोहोच. मावशी म्हणाल्या, "साडेसहाच तास की! मुंबईच्या गाडीला ह्यापेक्षा जास्त लागत्यात." मावशींना मधुमेह. गोळ्यांचा डबा त्यांनी खुशाल मोठ्या बॅगेत भरलेला. ती बॅग विमानाच्या पोटात जाणार, हातात येणार ती थेट अमेरिकेत. निघण्याआधी लेकीने फोनवर विचारलं, म्हणून बरं!

गोम अशी, की तिकिटावर सुटण्याची वेळ तिथली आणि उतरण्याची वेळ त्या गावची असते. न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. म्हणून उन्हाळ्यातल्या त्या साडेसहात साडेनऊ मिळवा. झाले सोळा तास! अंतरच सुमारे १२,५०० किलोमीटर. येताना उलटं, तिकिटावरच्या तासांतून साडेनऊ वजा करायचे. शिवाय उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे परतीला वेळ थोडा कमीच लागतो.

जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला थेट विमान आणलं, तेही उत्तर ध्रुवावरून! अंतर जवळपास १४,००० किलोमीटर. ९ तारखेच्या रात्री निघालेलं विमान ११ तारखेच्या पहाटे उतरलं. तारखा बघितल्या तर दोन दिवस, पण विमान हवेत होतं सतराएक तास. ध्रुवावरून का? पृथ्वीच्या गोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून बघा. जवळची वाट नकाशावर दिसते तशी सरळ नसते.

पण बाईमाणसाने प्रवास मोजायचा तो आपल्या उंबऱ्यापासून. वारणानगर ते मुंबई साधारण आठ तास, विमानतळावर तीन तास आधी हजर, मग सोळा तास, उतरल्यावर तपासणीची रांग. तीस तासांच्या आसपास गेलेच की! मध्ये विमान बदलायचं असेल तर आणखी जास्त.

म्हणून गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवा. घड्याळ बदलल्यावर कोणती गोळी, इन्सुलिन कधी घ्यायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. विमानात पाणी पीत राहा, अधूनमधून उठून चाला, एकाच जागी बसून पाय सुजतात, रक्ताची गुठळी होण्याचाही धोका असतो. गुडघे दुखत असतील, तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. त्यात लाज कसली?

लेकीचं बाळंतपण करायला जाणारी आई स्वतः धडधाकट पोहोचायला हवी ना!