चौलच्या बंदरात उतरलेला शेवालियर

कॅसानोव्हाचे नाव निघाले की आमच्या घरात अजूनही भुवया वर चढतात. गेल्या पावसाळ्यात मी त्याचे चरित्र घेऊन बसलो होतो, तेव्हा चहाचा कप जरा आवाज करूनच टेबलावर आला. "अहो, या वयात?" एवढेच शब्द त्याच्या पाठोपाठ आले.

मी घाईघाईने त्यातले कापडाचे प्रकरण काढून दाखवले. व्हेनिसच्या तुरुंगातून १७५६ साली छपरावाटे पळालेल्या या गृहस्थाने १७५९ मध्ये पॅरिसात रेशमी कापडावर चिनी धाटणीची चित्रे उठवण्याचा कारखाना काढला. कामाला तरुण मुली ठेवल्या. मालकांचे लक्ष मालापेक्षा मुलींकडे अधिक राहिले आणि कारखाना बुडाला. भिवंडीत सुताच्या व्यापारात हयात घालवलेल्या माणसाला यात नवल ते काय? आमच्याकडे कारखाने बुडायला तेवढेही निमित्त लागत नाही!

पण ते पुस्तक वाचताना मला राहून राहून दुसऱ्याच एका इसमाची आठवण येत होती. काळ तोच, जातकुळीही तीच. फरक इतकाच, की याने बायकांऐवजी दरबार भुलवले. आणि त्यातला एक दरबार आपल्या पुण्याचा होता.

या स्वारीचे नाव शेवालियर द सेंट लुबिन. हैदरअली आणि इंग्रज यांची पहिली लढाई (१७६७ ते १७६९) चालू असताना तो मद्रासेत प्रकटला. 'हैदरला मी आतून-बाहेरून ओळखतो, त्याच्या फौजेतले युरोपियन अंमलदार फोडून देतो,' अशी त्याने बतावणी केली, आणि मद्रासच्या इंग्रजांनी ती खरी मानून त्याला पदरी बाळगले. फुटले कोणी नाही, हे सांगायला नको. पुढे त्याने फ्रान्सचे आरमारमंत्री सार्तिन यांना गाठले. हे सार्तिनसाहेब मंत्री होण्यापूर्वी पंधरा वर्षे पॅरिसच्या पोलिसांचे प्रमुख होते. सगळ्या शहराचे भामटे ज्याने पारखले, तोच याच्या गोड जिभेला भुलला!

१७७७ साली फ्रेंच जहाज चौलच्या बंदरात लागले आणि लुबिनसाहेब फ्रान्सच्या राजाचे वकील म्हणून थाटात पुण्यास दाखल झाले. सवाई माधवराव तेव्हा तीन वर्षांचे. कारभार नाना फडणविसांकडे. तिकडे राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला, आणि आदल्याच वर्षी झालेला पुरंदरचा तह मुंबईकर इंग्रजांच्या पोटात दुखत होता. नानांनी या पाहुण्याचा सत्कार असा केला, की इंग्रज वकील मोस्टिन याचा जळफळाट व्हावा. पाहुण्यानेही हात आखडला नाही. अडीच हजार गोरे सैनिक आणतो, दहा हजार शिपायांना कवायत शिकवतो, दारूगोळा हवा तेवढा पुरवतो! त्या बदल्यात फ्रेंचांना चौलचे बंदर मिळावे, असे बोलणे होते.

एवढे शहाणे नाना, आणि फसले कसे?

मी स्वतः एकदा असाच फसलो आहे. परदेशच्या मोठ्या मागणीची भाषा करणारा, अत्तराचा वास दरवळणारा एक गृहस्थ आमच्या पेढीवर आला आणि सुताच्या गाठी उधारीवर घेऊन गेला. तो गेला तो गेलाच. खरे सांगतो, त्याच्याविषयी मला पहिल्या दिवसापासून शंका होती. पण त्या महिन्यात शेजारच्या पेढीवाल्याचे नाक खाली करायचे होते, आणि असा बडा गिऱ्हाईक माझ्या गादीवर बसलेला त्याने पाहावा, एवढ्यासाठी मी गप्प राहिलो.

नानांचेही काहीसे असेच झाले असावे, असे माझे मत आहे. लुबिनच्या अडीच हजार गोऱ्यांवर त्यांचा फारसा विश्वास नसावा. इंग्रजांनी मात्र तो ठेवावा, ही इच्छा. त्यात ते यशस्वी झाले, किंबहुना जरुरीपेक्षा जास्तच. १७७८ च्या पावसाळ्यात लुबिनला पुण्यातून निरोप मिळाला, पण त्याच्या नावाची धास्ती तोवर कलकत्त्यास पोहोचली होती. पश्चिम किनाऱ्यावर फ्रेंच बंदर होणार, या भयाने हेस्टिंग्जला घेरले. त्याच वर्षी त्याने लेस्लीच्या हाताखाली एक फौज काल्पीहून थेट हिंदुस्थान ओलांडून पश्चिमेकडे धाडली. लढाईचे मूळ राघोबादादा, हे खरे. पण बंगालची ही फौज इकडे येण्यात लुबिनच्या थापांचा वाटा मोठा. लेस्ली वाटेतच वारला, गॉडर्डने ती फौज १७७९ मध्ये सुरतेस आणली, आणि १७८० च्या नोव्हेंबरात त्याने वसईला वेढा घातला.

इथे ही गोष्ट आमच्या अंगणात येते. भिवंडीच्या उत्तरेस, वज्रेश्वरीच्या बाजूला दुगाड आहे. ऊन पाण्याच्या कुंडांवर जाणारी किती मंडळी तिकडून जातात, पण त्या नावाशी कोणी थबकत नाही. वसईचा वेढा उठवायला निघालेल्या रामचंद्र गणेशाला कर्नल हार्टलेने डिसेंबरात तिथेच अडवले. दोन दिवस झुंज झाली. १२ तारखेस सकाळी दाट धुके पडले. त्या धुक्याच्या आडून रामचंद्र गणेश अरबांची तुकडी घेऊन इंग्रजांच्या मोर्च्यावर चढून गेला. तो अगदी जवळ पोहोचला आणि धुके एकाएकी विरले. समोरच्या तोफांनी छर्रे ओकले, रामचंद्र गणेश पडला, आणि त्याच्या बरोबरचा नोरोन्हा नावाचा पोर्तुगीज अंमलदार जखमी झाला.

यंदा थंडीत आम्ही दोघे वज्रेश्वरीला निघालो, तेव्हा दुगाडजवळ मी गाडी थांबवली आणि हे सारे सांगितले. सौभाग्यवतींनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "आणि वसई? तिचे काय झाले?"

वसईचा किल्ला आदल्या दिवशीच, ११ डिसेंबरला, इंग्रजांच्या हाती पडला होता.