वाडीसाठी टेम्पो घेताय? आधी वजन आणि फेऱ्या मोजा

रामवाडी, पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यात दुकान किंवा कारखाना सांभाळून घर-वाडीही पाहणारे अनेक बांधव आहेत. आज सिमेंट आणा, उद्या शेणखत, परवा नारळ आणि आंब्याच्या पेट्या बाजारात पोहोचवा, हे चालूच असते. दर वेळी भाड्याचा टेम्पो शोधण्यापेक्षा आपलीच गाडी असावी असे वाटणे साहजिक आहे. पण चुकीची गाडी घेतली तर धंद्यातले भांडवल अडकते आणि हप्ता काही थांबत नाही.

वजनाचा अंदाज

गाडी पाहण्याआधी माल मोजा. सिमेंटची एक गोणी ५० किलोची, म्हणजे १० गोण्यांचे ५०० किलो झाले. ५०० लिटर पाणीही तितकेच, वर टाकीचे वजन वेगळे. ओली रेती आणि जांभ्याचे चिरे दिसतात त्यापेक्षा जड असतात. एक चिरा काट्यावर ठेवा आणि संख्येने गुणा. गणेशमूर्ती, फर्निचर किंवा रिकाम्या पेट्या नेणाऱ्याला मात्र वजनापेक्षा हौद्याची लांबी-रुंदी महत्त्वाची.

कोणती गाडी?

माल हलका, रस्ता सपाट आणि गल्ली अरुंद असेल तर तीनचाकी टेम्पो पुरतो. मात्र उंच माल भरून उतारावर वळताना तो कलंडण्याची भीती असते. २००५ साली टाटा एस आली आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने घराघरात पोहोचली. तिची क्षमता पाऊण टनाची. पुढे २०१५ मध्ये महिंद्रा जीतो आणि २०१६ मध्ये मारुती सुपर कॅरी आली. वाडीच्या बहुतेक कामांना हा वर्ग पुरेसा आहे. चिरे, खडी यांची रोजची वाहतूक असेल तरच मोठ्या पिकअपचा विचार करावा.

सीएनजीवर इंधनखर्च वाचतो, पण टाक्यांमुळे माल कमी बसतो आणि टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते. पंप आपल्या वाटेवर आहे का, तेही पाहावे. पावसाळ्यात चिखलाच्या वाटेवर रिकाम्या टेम्पोची मागची चाके जागीच फिरतात, म्हणून वाडीच्या फाटकापर्यंत गाडी चालवून पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

कागदपत्रे

स्वतःचाच माल नेणार असलात तरी टेम्पोची नोंद व्यावसायिक वाहन म्हणून होते आणि पिवळी पाटी लागते. मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परवाना, म्हणजे परमिट, लागत नाही. काही मोठे पिकअप ही मर्यादा ओलांडतात. हलक्या वाहनाचे लायसन्स ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला चालते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा मालाचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो. हौद्यात पाहुणे किंवा शेजारी बसवू नका. अपघात झाल्यास त्यांची भरपाई विमा कंपनीवर नव्हे, मालकावर येऊ शकते.

जुनी गाडी घेताना

खारेपाटाच्या हवेत लोखंड लवकर गंजते. म्हणून रंगाला भुलू नका, गाडीखाली वाकून चासी आणि हौद्याचा तळ पाहा. आरसी बुकावर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेला कर आणि दंडाची चलने तपासा. फॉर्म २९ व ३० भरून आरटीओत गाडी आपल्या नावावर झाली की मगच व्यवहार पुरा झाला असे समजा.

घ्यावी की भाड्याने आणावी?

समजा, एका फेरीचे भाडे १,००० रुपये आहे आणि महिन्याला सहा फेऱ्या होतात. खर्च ६,००० रुपये. यात इंधन आणि ड्रायव्हर दोन्ही आले. स्वतःच्या गाडीचा हप्ता, विमा, फिटनेस, टायर, दुरुस्ती, इंधन आणि चालवणाऱ्याचा रोज मिळून याहून जास्त होत असेल तर भाड्याचा टेम्पोच परवडतो. दोघा-तिघा भावांनी किंवा शेजाऱ्यांनी मिळून गाडी घेतली तर भार हलका होतो, पण कोणाचा वाटा किती आणि दुरुस्ती कोणाकडे, हे आधीच कागदावर लिहून ठेवावे.

वहीत तीन महिन्यांच्या फेऱ्या लिहा. हत्ती छोटा असला तरी त्याला रोज चारा लागतो.