उन्हाचे ठिपके

आयर्लंड हा ढगाळ हवेचा, हिरवागार देश. तेथे तांबूस केसांची व गोऱ्यापान वर्णाची मुले पुष्कळ दिसतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या नाकावर, गालांवर व हातांवर बारीक तपकिरी ठिपके विखुरलेले असतात. उन्हाळ्यात ते गडद होतात. हिवाळा आला की फिके पडतात. असे का बरे होत असावे?

आपल्या त्वचेतील रंगपेशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात. त्याचे दोन प्रकार आहेत : एक काळपट व दुसरे तांबूस. काळपट रंगद्रव्य सूर्याचे अतिनील किरण छत्रीप्रमाणे अडविते. तांबूस रंगद्रव्याला ते तितकेसे साधत नाही. कोणते रंगद्रव्य अधिक व्हावे, हे ठरविण्यात ‘एमसी१आर’ या जनुकाचा मोठा वाटा असतो. या जनुकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून मुलाला मिळते. तिचे काही भेद तांबड्या केसांशी व गोऱ्या त्वचेशी निगडित आहेत, असे १९९५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. असा भेद एकाकडूनच आला, तरी ठिपके उमटण्याचा संभव वाढतो.

मात्र वारशाने मिळतो तो केवळ कल. ठिपके उमटविते ते ऊन. म्हणूनच नवजात बालकाच्या अंगावर ते नसतात.

एकोणिसाव्या शतकात अनेक आयरिश कुटुंबे ऑस्ट्रेलियात जाऊन राहिली. देश बदलला, ऊन प्रखर झाले. त्वचा मात्र तीच राहिली! आज त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण ज्या देशांत सर्वांत अधिक आहे, त्यांत ऑस्ट्रेलियाची गणना होते. म्हणून १९८१ साली तेथे लोकशिक्षणाची मोहीम सुरू झाली : अंगात सदरा घाला, उन्हापासून रक्षण करणारे मलम लावा, डोक्यावर टोपी घाला. तेथील अनेक प्राथमिक शाळांत आता ‘टोपी नसेल, तर उन्हात खेळ नाही’ असा नियमच आहे.

अशा त्वचेच्या माणसाने भर दुपारी सावलीत राहावे, रुंद काठाची टोपी वापरावी आणि बाहेर असताना दर दोन तासांनी मलम पुन्हा लावावे. ठिपके घासून काढण्याचा खटाटोप करू नये. एखादा डाग आकाराने वा रंगाने बदलू लागला, तर तो वैद्यांना अवश्य दाखवावा.

ठिपके हा रोग नव्हे, की मळही नव्हे. त्यांवरून कोणाची थट्टा करणे हे अज्ञानाचे लक्षण होय. ‘मला उन्हापासून जपा’ असे त्वचाच त्यांच्याद्वारे सांगत असते. ते ऐकणे, हेच शहाणपण.