गुऱ्हाळाचे जळण व शेतकऱ्याचा नफा

कोल्हापूरकडील गुऱ्हाळाचा धंदा फार जुना आहे. श्री शाहू छत्रपतींनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसविली व गुळाच्या व्यापारास मोठी बाजारपेठ मिळाली. पुढे २०१४ साली कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकनही लाभले. असा लौकिक असताही पुष्कळ गुऱ्हाळे बंद पडली आहेत, व जी चालू आहेत त्यांचे मालक मजुरी आणि जळण या दोन खर्चांनी जेरीस आले आहेत. मजुरीचा प्रश्न एकट्याच्या हातचा नाही. जळणाचा मात्र आहे. म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम साधा हिशेब पाहू. एक टन ऊस घाण्यातून गाळला असता अदमासे ६०० किलो रस व ४०० किलो ओले चिपाड मिळते. रसापासून गूळ होतो सुमारे ११० किलो. बाकीचे बहुतेक पाणी, व ते वाफेच्या रूपाने उडवावे लागते. रस तापवून हे पाणी आटविण्यास सुमारे ३ लाख किलोकॅलरी उष्णता लागते. ओल्या चिपाडात निम्मे पाणी असते. उन्हात चांगले वाळले म्हणजे ४०० किलोचे सुमारे २२० किलो राहते. असे वाळलेले चिपाड किलोमागे अदमासे साडेतीन हजार किलोकॅलरी देते. म्हणजे एकूण उष्णतेच्या पाच भागांपैकी दोन भाग जरी रसास पोचले, तरी उसाचे चिपाडच उसाच्या रसास पुरावे.

मग ते पुरत नाही, हे कशामुळे? उरलेली उष्णता चुलवाणाच्या तोंडातून, भिंतींतून व विशेषेकरून धुराड्यातून निघून जाते. धुराड्यातून काळा धूर निघत असेल, तर आपले जळण अर्धवट जळून आकाशात जात आहे, असे निश्चित समजावे.

या तुटीपायी मालक पाचट जाळतो, लाकूड विकत घेतो, आणि कोठे कोठे तर जुने टायर व प्लॅस्टिकही चुलवाणात घातले जाते. या शेवटच्या प्रकाराचा आम्ही स्पष्ट निषेध करतो. टायरच्या रबरात गंधक असते. त्याचा विषारी वायू व काजळी प्रथम जाळ घालणाऱ्या मजुराच्या छातीत जाते, मग गावात पसरते, आणि काहील तर उघडीच असते. चिपाडाची राख शेतास पालाश देते. टायरची राख तारा व जस्त यांनी भरलेली असल्यामुळे ती शेतात टाकण्याजोगी राहत नाही. चार पैशांच्या जळणासाठी पेठेतील नाव गमावणे हा कोणता व्यवहार?

उपाय अवघड नाहीत. पहिला उपाय चिपाड वाळविण्याचा. ओले चिपाड चुलीत घातले तर आधी त्यातील पाणीच उकळावे लागते. जाळ मंदावतो, धूर वाढतो. अंगणात पातळ पसरून, मधून मधून उलटून ते वाळवावे. हंगामाच्या आरंभासाठी मागील वर्षाचे थोडे वाळलेले चिपाड छपराखाली राखून ठेवावे.

दुसरा उपाय जाळ घालण्याच्या रीतीचा. एकदम मोठा भारा न कोंबता थोडे थोडे व वारंवार घालावे. तळाशी बिडाची जाळी बसविली म्हणजे खालून हवा मिळते व राख आपोआप गळते. धुराड्यात झडप ठेवून हवेचा ओढा बेताचा राखावा.

तिसरा उपाय दुसऱ्या काहिलीचा, व आमच्या मते तोच मुख्य. धुराड्याकडे जाणारी गरम हवा मार्गातच दुसऱ्या काहिलीखालून नेली, तर पुढील आधणाचा रस फुकटात तापतो. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेने दोन व तीन काहिलींची चुलवाणे याच तत्त्वावर तयार केली आहेत. काम हाती घेण्यापूर्वी कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण मापे चुकली तर हवेचा ओढा बिघडतो. गुळव्यासही आधी विश्वासात घ्यावे. मुख्य काहिलीत गूळ सुमारे ११८ अंशांवर उतरतो. त्या वेळी जाळ आवरणे त्याच्याच हातात असते.

चिपाड उरू लागले म्हणजे पाचट जाळण्याचे कारण राहत नाही. ते उसाच्या सरीत पसरावे. जमिनीत ओल टिकते व कुजून खत होते. रसावरची मळी ओढ्यात सोडू नये. तिच्यातील साखर कुजताना पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते व मासे मरतात. तीच मळी राखेसह खताच्या खड्ड्यात घातली तर शेतातून निघालेले पुष्कळसे शेतास परत जाते.

चुलवाण नव्याने बांधण्याचा खर्च एकट्यास जड वाटेल. परंतु एका गुऱ्हाळावर अनेकांचा ऊस पाळीपाळीने गाळला जातो, तेव्हा लाभ सर्वांचा व वर्गणीही सर्वांची, हे न्याय्यच होय.

सभासदांस आमची एवढीच विनंती आहे की, येत्या हंगामात निदान एका आधणाचा ऊस, चिपाड व गूळ काट्यावर तोलून पाहावा आणि ते आकडे संघास कळवावे. कोणाच्या चुलवाणात काय जळते व काय वाया जाते, हे आकड्यांनी दिसले म्हणजे उपदेशाची गरज उरणार नाही.