डबीतला ओलावा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा आधी गव्हाची पोती वर गेली, मग शेगडी आणि सिलिंडर, आणि सगळ्यात शेवटी संगणक. ज्याला घरोघरी ‘सीपीयू’ म्हणतात तो काळा डबा पोटाशी धरून, वायरी गळ्यात अडकवून मी जिना चढलो आणि तो डबा वरच्या पत्र्याच्या खोलीतच राहिला. कुरुंदवाड हे पंचगंगा-कृष्णेच्या संगमाला खेटलेलं गाव. पंचगंगेच्या पलीकडे नरसोबाची वाडी. २००५, २०१९, २०२१ ही सालं इथे लग्नाच्या तारखांपेक्षा पक्की पाठ असतात. एकदा वर नेलेली वस्तू पुन्हा खाली आणायला मन धजत नाही.

२०२१ चा पूरही त्या डब्याने वर बसूनच काढला. पाण्याचा थेंब त्याला शिवला नाही. आणि पुढे एका हिवाळ्यात, थंडीच्या सकाळी, तो रुसला. बटण दाबलं की पंखा एक झटका द्यायचा, पाव फेरा फिरायचा आणि थांबायचा. दुपारी पत्रा तापला की तोच डबा मुकाट सुरू. आठवडाभर हा खेळ चालला. मग एका रात्री लाईट गेली, तासाभराने आली आणि त्यानंतर पंख्याने झटका देणंही सोडलं.

गल्लीत निकाल लगेच लागला. लाईट येताना व्होल्टेज जादा आलं, एसएमपीएस, म्हणजे डब्यातल्या सगळ्यांना वीज पुरवणारा भाग, उडाला. आमच्याकडे विजेवरचं काहीही बिघडलं की आरोपी ठरलेला असतो. दुरुस्तीच्या दुकानात मी तेच सांगितलं. दुरुस्ती करणाऱ्यांनी एसएमपीएसचे चार स्क्रू काढले, आत टॉर्च मारली आणि म्हणाले, “लाईटला कशाला बोल लावताय सर, हे बगा की. कंडेन्सर वाळल्यात.”

वाळल्यात! ‘जळालेत’ किंवा ‘उडालेत’ म्हणाले असते तर मी मान डोलावून पैसे विचारले असते. पण वाळायला आधी ओलं असावं लागतं, आणि विजेच्या डब्यात ओलं काय असणार? तो शब्द डोक्यातून जाईना, म्हणून मी स्टूल ओढून बसलो.

कंडेन्सर म्हणजे कॅपॅसिटर. पंखा हळू फिरायला लागला की आपण बदलतो तो, किंवा शेतीपंपाला बसवा म्हणून महावितरण सांगत असतं तो. ते दोन्ही सहसा कोरडे असतात. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर धातूचा मुलामा द्यायचा आणि गुंडाळी करायची, एवढंच. एसएमपीएसमधल्या उभ्या, गोल, ॲल्युमिनियमच्या डब्या वेगळ्या जातीच्या. त्यांना इलेक्ट्रोलिटिक म्हणतात आणि त्यांच्या पोटात खरोखरच द्रव असतो.

आधी त्यांचं काम बघू. भिंतीतली वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा हेलकावे खाणारी. संगणकाला लागते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, जराही न हलणारी. एसएमपीएस आधी भिंतीतली वीज एकाच दिशेने वळवतो. तिचं शिखर सुमारे ३२५ व्होल्टचं, पण सेकंदाला शंभर वेळा ती शून्यावर येते. नगरपालिकेचं पाणी वेळेवर येतं आणि जातं, तरी घरातला नळ दिवसभर चालतो तो वरच्या टाकीमुळे. इथे टाकीचं काम दोन जाड डब्या करतात. मग ही साठवलेली वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरवली जाते आणि पलीकडे पुन्हा डब्यांची एक रांग तिच्या लाटा जिरवते. एटीएक्स या प्रमाणकानुसार १२ व्होल्टच्या तारेवर १२० मिलिव्होल्टपर्यंत आणि ५ व्होल्टच्या तारेवर ५० मिलिव्होल्टपर्यंतच लहर चालते. त्यापलीकडे संगणक अडखळतो, अचानक बंद पडतो, नाहीतर सुरूच होत नाही.

आता डबीच्या आत. तिथे ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, मध्ये कागद, आणि सगळ्याची घट्ट सुरळी. कोणत्याही कॅपॅसिटरमध्ये दोन वाहक पाट्या आणि मध्ये विजेला अडवणारा पडदा हवा. पडदा जितका पातळ आणि पाटी जितकी मोठी, तितकी साठवण जास्त. इथला पडदा कागद नव्हे. पट्टीला आम्लाने खरवडून तिच्यावर असंख्य सूक्ष्म विवरं पाडतात, म्हणजे तेवढ्याच पट्टीचं क्षेत्रफळ कित्येक पटींनी वाढतं. मग तिच्यावर विजेच्या मदतीने ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर चढवतात. तो थर म्हणजे पडदा. त्याची जाडी दर व्होल्टमागे साधारण १.४ नॅनोमीटर भरते. थर चढवताना डबीवर छापलेल्यापेक्षा जास्त व्होल्ट देतात, म्हणून १६ व्होल्टच्या डबीत हा पडदा तीसेक नॅनोमीटरचा असतो. आपल्या एका केसाच्या जाडीत असे दोन हजारांहून अधिक पडदे मावतील.

पण खरवडलेल्या त्या विवरांच्या तळापर्यंत दुसरी पाटी पोचणार कशी? धातूची सपाट पट्टी तिथे शिरूच शकत नाही. द्रव शिरतो. कागद भिजलेला असतो तो या द्रवाने, आणि खरी दुसरी पाटी हा द्रवच असतो. दुसरी ॲल्युमिनियमची पट्टी फक्त त्याच्यापर्यंत वीज नेऊन पोचवते. पोलिश संशोधक कारोल पोलाक याने १८९० च्या दशकात सवागीचं द्रावण वापरून असा कॅपॅसिटर करता येतो हे दाखवलं. आजच्या डब्यांत रसायनं बदलली, तत्त्व तेच आहे. या द्रवाचा आणखी एक गुण मला फार आवडतो. ऑक्साइडच्या पडद्याला कुठे बारीक भोक पडलं, तर तिथून गळणारा प्रवाहच द्रवातला ऑक्सिजन ओढून तिथे नवा ऑक्साइड चढवतो. कापड स्वतःच स्वतःला रफू करतं.

म्हणजे हा द्रव गेला की पाटी गेली. आणि तो जातो. डबीच्या बुडाला रबराचं बूच असतं, त्यातून दोन पाय बाहेर येतात. त्या रबरातून द्रवाची वाफ वर्षानुवर्षं, कणाकणाने निसटत राहते. किती वेगाने, ते उष्णता ठरवते. डबीवर ‘१०५ अंश’ छापलेलं असतं आणि कंपनीच्या माहितीपत्रकात त्या तापमानाला किती तास टिकेल ते दिलेलं असतं, समजा २००० तास. तापमान दर १० अंशांनी उतरलं की हे आयुष्य दुप्पट होतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. डबी ६५ अंशांवर राहिली तर ३२ हजार तास, दिवसाला आठ तास धरले तर अकरा वर्षं. ७५ अंशांवर राहिली तर साडेपाच.

इथे मला पत्रा आठवला. मे महिन्यात वरची खोली खालच्या माजघरापेक्षा सहज आठ-दहा अंशांनी जास्त तापते. त्यात एसएमपीएसच्या पंख्याच्या पात्यांवर गळीत हंगामातली काजळी आणि रस्त्याची धूळ यांचा लेप बसलेला. पुरापासून वाचवायला म्हणून मी जो डबा वर नेला, तो तिथे पाच उन्हाळे भाजत होता.

सकाळी न चालणं आणि दुपारी चालणं, याचाही उलगडा तिथेच झाला. द्रव कमी झाला की डबीचा अंतर्गत रोध वाढतो. याला ईएसआर म्हणतात. चांगल्या डबीत तो ०.०३ ओहमच्या आसपास असेल तर वाळलेल्या डबीत अर्ध्या ओहमवर जातो. डबीतून २ अँपिअरचा लहरी प्रवाह वाहतोय असं धरा. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, हा शाळेतला हिशेब. आधी आत ०.१२ वॉट उष्णता होत होती, आता २ वॉट. अंगठ्याएवढ्या डबीला २ वॉट म्हणजे शेगडीच. उष्णतेने द्रव आटतो, आटल्याने रोध वाढतो, रोधाने उष्णता वाढते. थंडीत उरलासुरला द्रव घट्ट होतो आणि रोध आणखी चढतो. म्हणून सकाळी लहर हाताबाहेर जायची, संरक्षक सर्किट लगेच सगळं बंद करायचं, पंखा झटका देऊन थांबायचा. दुपारी द्रव पातळ झाला की गाडी कशीबशी चालायची.

आणि लाईट जाण्याचं काय? एसएमपीएसमध्ये एक छोटं सर्किट कायम जागं असतं. संगणक बंद असला, पण भिंतीवरचं बटण चालू असलं, तरी ते ५ व्होल्ट देत राहतं. आपण समोरचं बटण दाबल्याचं त्यालाच कळतं. ते सुरू होताना एका बारक्या डबीचा टेकू घेतं आणि एकदा चालू लागलं की स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरमधून स्वतःला वीज पुरवतं. ही डबी चोवीस तास तापते. बत्तीस हजार तास तिला पावणेचार वर्षांतच संपतात. ती कधीच वाळलेली असते, पण सर्किट चालू असल्याने कुणाला पत्ता नसतो. लाईट जाते, सर्किट थांबतं, पुन्हा उठायला टेकू मागतं आणि टेकू नसतो. लाईट आली तेव्हा जादा व्होल्टेज आलंच असेल असं नाही. ती जाणंच पुरेसं होतं. महावितरणवर आमच्या खऱ्या तक्रारी पुष्कळ आहेत, ही मात्र मला मागे घ्यावी लागली.

या डब्यांनी एकदा जगभर रडवलंय. १९९९ पासून काही वर्षं संगणकांचे मदरबोर्ड आणि एसएमपीएस दोन-दोन वर्षांत मरायला लागले. डब्या फुगायच्या, माथ्यावरची खाच फाटून तपकिरी गाळ बाहेर यायचा. रोध कमी ठेवायचा तर द्रवात पाणी जास्त हवं, पण पाणी ॲल्युमिनियमला खातं आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. तो आवरायला द्रवात नेमकी रसायनं घालावी लागतात. इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या नियतकालिकांत २००२-०३ च्या सुमारास छापून आलेली हकिकत अशी, की रुबीकॉन या जपानी कंपनीतला एक शास्त्रज्ञ नोकरी बदलून चीनमध्ये गेला, तिथल्या त्याच्या हाताखालच्या लोकांनी द्रवाची कृती तैवानमध्ये नेली आणि नेताना ही आवरणारी रसायनंच राहून गेली. लोणच्याची कृती चोरावी आणि मीठ लिहून घ्यायला विसरावं, तसं. फुगलेल्या कॅपॅसिटरच्या या सत्रात डेल कंपनीला २००५ साली दुरुस्त्यांसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.

माझ्या एसएमपीएसमध्ये मात्र चोरी नव्हती, साधं म्हातारपण होतं. बाहेरच्या रांगेतल्या दोन डब्यांचे माथे किंचित वर आले होते, बोट फिरवल्यावर कळावं इतकेच. टेकूची बारकी डबी दिसायला ठणठणीत. ईएसआर मीटरच्या दोन टोकांत धरल्यावर तिचं पितळ उघडं पडलं.

काम सुरू करण्याआधी दुरुस्ती करणाऱ्यांनी काय केलं ते सांगितलंच पाहिजे, कारण हे वाचून कुणी स्क्रूड्रायव्हर हातात घेतील. दोन जाड डब्यांत ३२५ व्होल्टवर अठराएक ज्यूल ऊर्जा असते. दोन किलोचं माप कमरेच्या उंचीवरून पायावर पडावं, इतकी. प्लग काढला तरी ती काही मिनिटं आत बसून राहते, आणि आतले रोधक तुटले असतील तर कितीतरी जास्त वेळ. त्यांनी होल्डरमधल्या जुन्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी डब्यांच्या पायांना टेकवल्या, मग मीटर लावून शून्य आल्याची खात्री केली आणि त्यानंतरच बोर्डाला हात लावला. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी काढून दाखवणारे बहाद्दर असतात. त्यांच्या स्क्रूड्रायव्हरची टोकं जळालेली असतात, एवढीच त्यांची ओळख.

जुनी डबी काढताना ऋण पाय लवकर सुटत नाही, तो तांब्याच्या रुंद पट्ट्याला जोडलेला असतो आणि पट्टा सगळी उष्णता पिऊन टाकतो. त्यांनी आधी थोडं नवं सोल्डर लावलं, ते वितळून जुन्यात मिसळल्यावर सकरने एका ‘टक्’मध्ये ओढून घेतलं. नवी डबी निवडताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांची, कमी ईएसआरची, आणि जागेत मावेल अशा जाडीची. शेवटची अट क्षुल्लक वाटते, पण बराच वेळ तिनेच खाल्ला. डबीवरचा पांढरा पट्टा म्हणजे ऋण पाय. तो उलटा बसला तर विजेनेच चढवलेला पडदा विजेनेच उतरतो आणि डबी फुटते.

मग परीक्षा. एसएमपीएस थेट प्लगमध्ये न घालता त्यांनी तो टेस्ट लॅम्पच्या सिरीजमध्ये लावला. आत कुठे शॉर्ट असेल तर १०० वॉटचा बल्ब भगभगत राहतो आणि बाकी सगळं वाचतं. बटण दाबलं. बल्ब क्षणभर लख्ख पेटला, म्हणजे जाड डब्या भरल्या. आणि विझत विझत तारेपुरता लाल राहिला. त्यांनी तारेच्या तुकड्याने हिरवी वायर काळीला जोडली, म्हणजे संगणकाचं समोरचं बटण दाबल्यासारखंच. पंखा फिरला आणि फिरत राहिला.

तोवर मी पक्कड मागून घेऊन एक काढलेली डबी फोडली होती. सुरळी उलगडत गेली तशी हातभर लांब झाली. बुडाकडचा कागद जुन्या पोथीच्या पानासारखा करकरीत, आणि अगदी मध्यात अजून थोडा दमट. बोटाला आंबूस वास राहिला.

“कुठं ठेवताय डबा?” त्यांनी पैसे मोजता मोजता विचारलं. वर, मी म्हणालो, पुराची भीती. “मंग वर्षभर कशाला वर?” म्हणाले.

आता हा डबा दिवाळीनंतर खाली उतरतो आणि मृग लागला की वर चढतो.